सूर्याचा उत्तर ध्रुव नेमका कधी उलटला? सौरभौतिकीत नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं शीर्षक एका ओळीचं होतं: चोविसाव्या सौरचक्रात सूर्याचे चुंबकीय ध्रुव कधी उलटले? सर म्हणाले, "डेटा फुकट आहे, लॅपटॉप तुझ्याकडे आहे, चार महिने पुरेत." मलाही तसंच वाटलं. सौरचक्र म्हणजे सूर्यावरच्या डागांची संख्या वाढून परत घटण्याचा सुमारे अकरा वर्षांचा काळ, आणि त्या काळात ध्रुवांची चुंबकीय दिशा उलटते. दोन तारखा शोधायच्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची, आणि अहवाल बांधून द्यायचा.

पहिल्या आठवड्यात वाचायला बसले आणि गोंधळले. दक्षिण ध्रुवाबद्दल सगळ्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं, २०१३ च्या मध्यावर. पण उत्तर ध्रुव? कुणी २०१२ म्हणत होतं. २०१३ च्या उन्हाळ्यातल्या बातम्यांमध्ये 'उत्तर ध्रुव आधीच उलटला आहे' असं छापलेलं होतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या पी. जनार्दन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ चा शोधनिबंध सांगत होता की सुरुवात जून २०१२ मध्ये झाली, पण प्रक्रिया पुरी झाली ती २०१४ च्या अखेरीस. आणि सूक्ष्मलहरींच्या निरीक्षणांवर आधारलेला आणखी एक अभ्यास २०१५ ची अखेर धरत होता. एकच सूर्य, एकच ध्रुव, आणि तीन वर्षांहून जास्त फरक. मी सरांकडे गेले आणि विचारलं, यातलं बरोबर कुठलं? ते म्हणाले, "तेच तर तुला चार महिन्यांत सांगायचंय. आधी हे बघ, की प्रत्येकाने मोजलं काय."

तो प्रश्न पुढे पीएच.डी.पर्यंत माझ्याबरोबर राहिला. या क्षेत्रात येऊ पाहणारी बरीच मुलं मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. मी हाच रस्ता सांगते, कारण यात भौतिकी, भूमिती, इतिहास आणि डेटा हाताळणं हे सगळं एका लहानशा प्रश्नात येतं.

आधी मनातलं एक चित्र पुसावं लागतं. शाळेत आपण पट्टीचुंबक पाहिलेला असतो आणि 'ध्रुव उलटले' म्हटलं की ती पट्टी गर्रकन फिरली असं वाटतं. सूर्याच्या आत अशी पट्टी नाही. सूर्य म्हणजे विद्युतवाहक वायूचा गोळा, आणि तो सगळीकडे एकाच वेगाने फिरत नाही. विषुववृत्ताजवळ एक फेरा साधारण २५ दिवसांत होतो, ध्रुवांकडे साधारण ३५ दिवस लागतात. त्यामुळे ध्रुवाकडून ध्रुवाकडे जाणाऱ्या चुंबकीय रेषा आत ताणल्या जातात, पूर्व-पश्चिम गुंडाळल्या जातात, आणि त्या गुंडाळीचे पीळ पृष्ठभागावर फुटून वर येतात तेव्हा सौरडागांच्या जोड्या दिसतात. जोडीतला एक डाग धन पोलॅरिटीचा, म्हणजे तिथे चुंबकीय रेषा बाहेर येतात, दुसरा ऋण, म्हणजे तिथे त्या आत जातात. जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत झीमन परिणाम (चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वर्णरेषा दुभंगणं) वापरून डागांमध्ये चुंबकत्व आहे हे दाखवलं. पुढच्या दशकात त्यांच्या गटाला दोन नियम सापडले. एका चक्रात एका गोलार्धातल्या बहुतेक जोड्यांमध्ये पुढच्या डागाची पोलॅरिटी एकच असते, दुसऱ्या गोलार्धात त्याच्या उलट, आणि पुढच्या चक्रात हे सगळं उलटं होतं. शिवाय जोडी थोडी तिरकी असते: पुढचा डाग विषुववृत्ताच्या जरा जवळ, मागचा जरा ध्रुवाकडे.

त्या तिरकेपणाकडे नव्या माणसाचं लक्ष सहसा जात नाही, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. डाग विरतात तेव्हा पुढच्या डागांचं चुंबकत्व विषुववृत्तापलीकडच्या विरुद्ध चुंबकत्वाशी मिसळून बरंचसं नाहीसं होतं. मागच्या डागांचं उरतं, आणि पृष्ठभागावरून ध्रुवाकडे वाहणारा एक संथ प्रवाह ते वर वाहून नेतो. ही मागची पोलॅरिटी ध्रुवावर आधीपासून असलेल्या पोलॅरिटीच्या उलट असते. ती जाऊन आधीची खोडते, आणि उरलेली नवी पोलॅरिटी म्हणून साठते. होरेस बॅबकॉक यांनी १९६१ मध्ये हे चित्र मांडलं आणि रॉबर्ट लेटन यांनी त्याला गणित दिलं.

सरांनी मला पहिल्याच दिवशी एक हिशेब करायला लावला होता, तो तुम्हीही कागदावर करा. सूर्याची त्रिज्या सुमारे ६,९६,००० किलोमीटर. म्हणजे पृष्ठभागावर एक अंश अक्षांश म्हणजे १२,१०० किलोमीटरच्या थोडं वर. प्रवाहाचा वेग सेकंदाला १५ मीटर धरा. ताशी ५४ किलोमीटर, आपल्याकडच्या एसटीचा वेग. २० अंशांवर विरलेला डाग ७० अंशांपर्यंत पोचायला ६ लाख किलोमीटरचा प्रवास, आणि त्याला लागणारा वेळ साधारण ४७० दिवस. हा आकडा हाताने काढल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की ध्रुवावर आज जे घडतंय ते सव्वा वर्षापूर्वी खाली घडलेल्या गोष्टींचं येणं आहे. ध्रुव 'उलटणं' हा क्षण नाही, ती आवक आहे. आणि आवक एकसारखी नसते. ती लोंढ्यांनी येते.

आता त्या विचित्र गोष्टीकडे येते, जिच्यामुळे मी या विषयात अडकले.

ध्रुवांचं क्षेत्र इतकं क्षीण असतं की १९५० च्या दशकापर्यंत ते खात्रीने मोजताच येत नव्हतं. हॅरल्ड आणि होरेस बॅबकॉक या बापलेकांनी त्यासाठी मॅग्नेटोग्राफ हे उपकरण तयार केलं आणि ध्रुवांवर नजर ठेवली. १९५७ च्या मध्याला दक्षिण ध्रुव उलटला. उत्तर ध्रुव उलटायला मात्र नोव्हेंबर १९५८ उजाडलं. म्हणजे माणसाने सूर्याचे ध्रुव उलटताना पहिल्यांदाच पाहिले तेव्हाच हे दिसलं, की मधलं वर्ष-सव्वा वर्ष सूर्याचे दोन्ही ध्रुव एकाच पोलॅरिटीचे होते. दोन्ही धन.

हे वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही. चुंबकाचा एकटा ध्रुव असू शकत नाही हे आपण अकरावीपासून घोकतो, मग दोन्ही टोकांना धन ध्रुवच कसा? दुसऱ्या दिवशी सरांसमोर वहीत चित्र काढलं तेव्हा उलगडलं. गोळ्याच्या वरच्या टोकाला धन, खालच्या टोकाला धन, आणि मधल्या पट्ट्यात तेवढंच ऋण. एकूण बेरीज शून्यच. ध्रुवावरून निघालेल्या रेषा दुसऱ्या ध्रुवाकडे न जाता मधल्या अक्षांशांवर उतरतात. मॅक्सवेलचं समीकरण कुठेही मोडत नाही, मोडतं ते आपल्या डोक्यातल्या पट्टीचुंबकाचं चित्र. दोन गोलार्ध आपापल्या वेगाने चालतात, एकमेकांसाठी थांबत नाहीत. हे एकदा पटलं की 'असं कसं?' हा प्रश्न बदलून 'या खेपेला किती मागेपुढे?' असा होतो, आणि तो मोजता येतो.

चोविसाव्या चक्रात हे मागेपुढे फारच वेगळ्या तऱ्हेने झालं. हे चक्र डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०१४ मध्ये शिखरावर पोचलं. चक्र सुरू झालं तेव्हा उत्तर ध्रुव ऋण होता, दक्षिण धन. दक्षिणेने थोडा उशीर केला पण एकदाच आणि स्पष्टपणे उलटली. उत्तरेकडे जून २०१२ च्या सुमाराला क्षेत्र शून्यावर आलं आणि तिथेच घुटमळत राहिलं. थोडं वर, थोडं खाली, जवळजवळ अडीच वर्षं. २०१४ संपता संपता ते निश्चितपणे वर निघालं. याचं कारण लोंढ्यांत आहे. उत्तर गोलार्धातून ध्रुवाकडे गेलेले लोंढे एकाच पोलॅरिटीचे नव्हते. मधूनच तिरकेपणाचा नियम न पाळणारे डागसमूह उगवले, आणि त्यांनी उलट्या पोलॅरिटीची भर घातली. एका ध्रुवावरचं एकूण चुंबकत्व हे एखाद्या मोठ्या सक्रिय प्रदेशातल्या, म्हणजे डागसमूहाच्या भागातल्या, चुंबकत्वाच्या बरोबरीचं असतं. म्हणून मोजके आडमुठे डागसमूहसुद्धा ध्रुवाचा हिशेब वर्षभर लांबवू शकतात.

आता माझ्या चुका सांगते. या भागात मी रेंगाळणार आहे, कारण मला कुणी त्या आधी सांगितल्या असत्या तर दोन महिने वाचले असते.

मी सौर गतिकी वेधशाळा या नासाच्या यानावरच्या एचएमआय या चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचे नकाशे उतरवले. सूर्याचा एक फेरा, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना २७.२७५३ दिवस, इतक्या काळातली निरीक्षणं जोडून संपूर्ण पृष्ठभागाचा एक आयताकृती नकाशा बनवतात. आडवे ३६०० खाने, उभ्या १४४० ओळी. मला ६० ते ९० अंशांची सरासरी हवी होती. १८० अंशांना १४४० ओळी, म्हणजे ३० अंशांना २४० ओळी. वरच्या २४० ओळी घेतल्या, सरासरी काढली, आलेख काढला. आलेख देखणा आला. त्यात उत्तर ध्रुवाचं क्षेत्र भलतंच वळवळत होतं, आणि मला वाटलं की हाच तो चोविसाव्या चक्राचा विचित्रपणा. दोन आठवडे मी त्या वळवळीचा अर्थ लावण्यात घालवले.

मग सरांनी विचारलं, "हेडर वाचलास का?" हेडर म्हणजे फिट्स (खगोलशास्त्रातल्या डेटाचा नेहमीचा प्रकार) फाइलच्या सुरुवातीला असलेली माहिती. मी वाचलेला नव्हता. त्यात अक्षांशाच्या अक्षापुढे सीईए अशी अक्षरं होती, म्हणजे समान क्षेत्रफळाचं दंडगोल प्रक्षेपण. या नकाशात ओळी अंशांनी समान अंतरावर नसतात, अंशांच्या साइनने असतात. ६० अंशांचा साइन ०.८६६. त्यामुळे ६० ते ९० अंशांत २४० नाही, फक्त ९६ ओळी येतात. ८० अंशांच्या वर तर जेमतेम ११. मी घेतलेल्या २४० ओळी थेट ४२ अंशांपर्यंत खाली उतरत होत्या. मी ध्रुव मोजतच नव्हते. ध्रुवाकडे निघालेल्या लोंढ्यांना मी ध्रुव समजत होते.

त्या दिवसापासून कुठलीही फाइल उघडली की मी आधी हेडर वाचते, आणि जे मला समजलं नाही ते वहीत लिहून ठेवते. नव्याने येणाऱ्याला एकच सवय लावायची असेल तर ही लावा. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिच्यातली सनपाय, नमपाय ही साधनं, हे सगळं महिनाभरात हाताखाली येतं. आकडा कसा तयार झाला हे विचारायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

दुसरी चूक स्टॅनफर्डच्या विल्कॉक्स सौर वेधशाळेच्या डेटात झाली. ही वेधशाळा १९७६ पासून ध्रुवीय क्षेत्राची नोंद ठेवते, दर १० दिवसांना एक ओळ, साधी मजकुराची फाइल. नवशिक्याला यापेक्षा चांगला डेटा मिळणार नाही, कारण तो वहीवरसुद्धा आलेखता येतो. मी आलेख काढला आणि त्यात बरोबर एका वर्षाचा चढउतार दिसला. उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उलट वर-खाली होत होत्या. सूर्याला पृथ्वीचं वर्ष कशाला कळेल? मी मात्र अर्धा दिवस कुठल्यातरी नव्या दोलनाच्या कल्पनेत होते.

तो चढउतार आपल्या पाहण्याचा होता. सूर्याचा अक्ष पृथ्वीच्या कक्षेच्या लंबापासून ७.२५ अंश कललेला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर ध्रुव आपल्याकडे किंचित झुकतो, मार्चच्या सुरुवातीला दक्षिण. मॅग्नेटोग्राफला क्षेत्राचा फक्त आपल्या नजरेच्या दिशेतला भाग कळतो, आणि ध्रुवावरचं क्षेत्र साधारण उभं असतं, म्हणजे आपल्या नजरेला जवळजवळ आडवं. ध्रुवावर १० गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) उभं क्षेत्र आहे असं धरा. सगळ्यात सोयीच्या महिन्यातसुद्धा आपल्याला त्यातलं सव्वा गॉस दिसतं. उरलेल्या सहा महिन्यांत तो ध्रुव आपल्याला दिसतच नाही. नकाशात तिथे जो रंग भरलेला असतो तो आजूबाजूच्या आणि आधीच्या निरीक्षणांवरून भरलेला असतो. विल्कॉक्सच्या फाइलमध्ये हा वार्षिक चढउतार गाळलेले आकडे वेगळ्या रकान्यात दिलेले असतात. ते वापरा, पण आधी न गाळलेले आकडे स्वतः आलेखून बघा. गाळणीने काय काढलं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय उरलेल्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं मत आहे.

इथे मला पहिल्या आठवड्यातल्या गोंधळाचं उत्तर मिळालं. विल्कॉक्सच्या उपकरणाची नजर जाड आहे. एका वेळी मोजला जाणारा ध्रुवाकडचा शेवटचा तुकडा ५५ अंशांपासून वरचं सगळं एकत्र मोजतो. जनार्दन यांच्या अभ्यासात ५५ ते ९० आणि ७८ ते ९० असे दोन पट्टे वेगळे पाहिलेले आहेत. लोंढा ५५ अंश ओलांडतो तेव्हा एका व्याख्येने ध्रुव उलटायला लागलेला असतो, ७८ अंशांवर अजून जुनीच पोलॅरिटी असते. म्हणून अहवालात मी तारीख दिली नाही. मी एक तक्ता दिला: कुठला पट्टा धरला, शून्य पहिल्यांदा कधी ओलांडलं, शेवटचं कधी ओलांडलं. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "मग उत्तर काय?" मी म्हटलं, "दक्षिण २०१३. उत्तरेला एक तारीख देणं चुकीचं होईल, मी २०१२ ते २०१४ असा काळ देते." त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण सर शांतपणे मान हलवत होते.

पुढे वाचताना कळलं की अशी वेडीवाकडी उलटापालट फक्त चोविसाव्या चक्रापुरती नाही, आणि ते शोधण्यात आपल्या कोडाईकनालचा वाटा आहे. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सूर्याच्या काचपट्ट्या जमत गेल्या. तेव्हा ध्रुवाचं चुंबकत्व मोजायचं साधन नव्हतं, पण धन आणि ऋण प्रदेशांच्या सीमेवर वायूचे लांब काळे तंतू लोंबकळतात, ते काचपट्ट्यांवर दिसतात. ते तंतू ध्रुवाकडे सरकत जाऊन नाहीसे झाले की ध्रुव उलटला असं धरता येतं. रशियाचे मकारोव आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेचे के. आर. शिवरामन यांनी १९८० च्या दशकात या पट्ट्यांवरून जुन्या चक्रांचा इतिहास उभा केला, आणि काही चक्रांत एकच ध्रुव तीनदा उलटल्याचं त्यांना आढळलं. या पट्ट्या आता डिजिटल रूपात उपलब्ध आहेत. ज्यांना प्रकल्पासाठी विषय हवा आहे त्यांनी हा खजिना जरूर बघावा. मी त्या पहिल्यांदा पडद्यावर पाहिल्या तेव्हा काठावर हाताने लिहिलेल्या तारखा वाचत बसले होते. शंभर वर्षांपूर्वी डोंगरावर कुणीतरी सकाळी ढग हटायची वाट पाहून हे टिपलं होतं.

अभ्यासाबद्दल थोडं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, कराडजवळच्या एका गावात. पहिलं वर्ष इंग्रजी शोधनिबंध वाचताना घाम फुटायचा. मी केलं ते असं: प्रत्येक निबंधाचा सारांश मराठीत, पाच ओळींत लिहायचा. काय मोजलं, कशाने मोजलं, किती काळ मोजलं, काय निघालं, मला काय पटलं नाही. पाचवी ओळ सुरुवातीला रिकामीच राहायची. वर्षभरानंतर ती सगळ्यात मोठी व्हायला लागली. ज्यांना भाषेची धास्ती वाटते त्यांना मी मनापासून सांगते, भाषा येते. तिच्यासाठी विषय सोडू नका. हॅरल्ड बॅबकॉक यांचा १९५९ चा ध्रुवीय क्षेत्रावरचा मूळ निबंध लहान आहे, तो पुस्तकांच्याही आधी वाचून बघा. काय दिसलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं आहे, आणि नवख्या माणसाला तो धीर देतो.

बी.एस्सी.त असाल तर विद्युतचुंबकत्व आणि गोलीय निर्देशांक पक्के करा. बाकी सगळं नंतर शिकता येतं, पण गोळ्यावर सरासरी काढताना क्षेत्रफळाचा भार द्यावा लागतो हे हाडात मुरलेलं हवं. एम.एस्सी.नंतर संशोधनात यायला जेस्ट, गेट किंवा नेट यांपैकी एक राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि मग मुलाखत असा रस्ता आहे. सौरभौतिकीचं काम बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था, उदयपूरची सौर वेधशाळा, नैनितालची एरीज, कोलकात्याची आयसर अशा संस्थांत चालतं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. आदित्य एल-१ या भारताच्या सूर्ययानावरची सूट ही अतिनील दुर्बीण तिथेच घडली. उदयपूरची वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे, कारण पाण्यामुळे दिवसा जमीन तापून हवा थरथरण्याचा त्रास कमी होतो. जगभरातल्या सहा ठिकाणांहून सूर्यावर अखंड नजर ठेवणाऱ्या गाँग जाळ्यातली एक दुर्बीणही उदयपूरलाच आहे, आणि तिचे मॅग्नेटोग्राम, म्हणजे चुंबकत्वाचे नकाशे, कुणालाही उतरवता येतात. पैशांचंही बोलायला हवं, कारण घरी ते विचारतातच: नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाल्यावर ४२,०००. माझ्या आईला हा आकडा सांगितल्यावर तिची काळजी निम्म्याने कमी झाली.

मुलाखतींत मला सूर्याबद्दल फार थोडं विचारलं गेलं. झीमन परिणाम फळ्यावर काढून दाखवा, गॉसचे टेस्ला करा, लंबकाचा आवर्तकाल मांडा. एका ठिकाणी विचारलं, "ध्रुवांचं क्षेत्र शून्य होतं तेव्हा सूर्याचं चुंबकत्व संपतं का?" मी म्हटलं, उलट तेव्हा ते सगळ्यात जास्त असतं, पण डागांच्या रूपात. हे उत्तर मला पुस्तकातून नाही, त्या चुकलेल्या २४० ओळींतून मिळालं होतं. एका संस्थेतल्या मुलाखतीत मात्र "याचा उपयोग काय" हे इतक्या तुच्छतेने विचारलं गेलं की मी बाहेर येऊन रडले. आज त्याचं उत्तर मी निवांतपणे देईन.

उपयोग असा. चक्र संपताना ध्रुवांवर जे चुंबकत्व साठलेलं असतं तेच पुढच्या चक्राचं बियाणं असतं. १९७८ मध्ये शॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवांवरून पुढच्या चक्राचा अंदाज बांधायची वाट दाखवली. २००८ च्या आसपास ध्रुवांचं क्षेत्र त्याआधीच्या चक्राच्या अखेरीच्या साधारण निम्मंच होतं, आणि चोविसावं चक्र खरंच दुबळं निघालं: शिखरावर डागांची सरासरी संख्या ११६, आधीच्या चक्रात ती १८० होती. पंचविसाव्या चक्रासाठी आंतरराष्ट्रीय समितीने ११५ चा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १६१ च्या जवळ गेलं. मे २०२४ मध्ये त्याच चक्रातल्या सौरवादळाने लडाखच्या हानले इथल्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश उमटवला, आणि जगभरात उपग्रह सांभाळणाऱ्यांची झोप उडवली. ११५ आणि १६१ यांतल्या फरकाचा काही भाग तरी आपल्याला ध्रुव नीट दिसत नाहीत यातून येत असणार, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

सरासरीच्या आकड्यामागे काय दडलेलं असतं याची कल्पना जपानच्या हिनोदे यानाने दिली होती. सरासरी जिथे काही गॉस, तिथे बारीक नजरेने पाहिलं तर हजार गॉसहून प्रखर असे छोटे ठिपके सापडले. आणि मग युरोपचं सोलर ऑर्बिटर हे सूर्ययान आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुक्राजवळून जाताना त्याची कक्षा कलली, आणि मार्चमध्ये सूर्याच्या विषुववृत्ताच्या १७ अंश खालून त्याने दक्षिण ध्रुव पाहिला. जूनमध्ये युरोपीय अवकाश संस्थेने ती चित्रं प्रसिद्ध केली. चुंबकीय नकाशात दक्षिण ध्रुवावर दोन्ही पोलॅरिटी शेजारी शेजारी मिसळलेल्या होत्या, कारण उलटापालट नुकतीच घडत होती. मी ते चित्र प्रयोगशाळेत सगळ्यांना हाक मारून दाखवलं. ज्या अडीच वर्षांच्या घुटमळीला मी अहवालात 'शून्याजवळ' म्हटलं होतं, ते शून्य रिकामं नसतं. ते भरगच्च असतं, फक्त बेरीज शून्य येते.

कुणी विचारलं की आत्ता या विषयात येण्यात अर्थ आहे का, तर मी मघाचाच हिशेब पुढे नेऊन दाखवते. ध्रुवावरच्या १० गॉसपैकी पृथ्वीवरून सव्वा गॉस दिसतं. १७ अंशांवरून जवळजवळ तीन. सोलर ऑर्बिटरची कक्षा २०२९ मध्ये ३३ अंशांपर्यंत कलायची आहे. जी मुलं आज बी.एस्सी.ला आहेत त्यांच्या संशोधनाच्या पहिल्या वर्षांत तो डेटा हाती येईल. तिथून साडेपाच गॉस दिसेल.